चांगुणाच्या खोलीचं कवाड

मी लंकाबाई. गहिनीनाथ माझा धाकटा भाऊ, आन् चांगुणा त्याची बायको. नवरा वारल्यापासून मी माहेरीच, शिंगणापुरात. चांगुणाची गोष्ट सांगायची म्हंजे मला माझंच पाप सांगावं लागतंय, पर सांगते.

एकाहत्तर साली चांगुणा येता-जाता भोवळ येऊन पडायला लागली. म्हमईच्या दवाखान्यात कळलं, काळजाचे ठोके मधीच थांबत्यात. तिच्या छातीत कातडीखाली एक यंत्र बसवलं. काळीज अडखळलं की त्यानं ठोका द्यायचा. डॉक्टरांनी बजावलं, वेल्डिंगपासून, ठिणग्या उडवणाऱ्या मशिनीपासून लांब ऱ्हा. त्यांच्या लहरी हवेतनं येत्यात, यंत्राला वाटतं काळीजच चाललंय, आन् ते गप बसतं.

गहिनी लष्करात वायरलेसवर हुता, सुटून आल्यावर रेडिओ दुरुस्त करायचा. चांगुणा कुठं निघाली की हा ट्रान्झिस्टर घेऊन पुढं चालायचा. रेडिओ खरखरला म्हंजे तसल्या लहरी आल्या, लगीच हात आडवा करून तिला थांबवायचा.

गाव लई हसायचं. "काय गहिनी, बायकोची वरात काढली का रं?"

मीबी हसायची. चांगुणा लाजून चूर व्हायची. "वन्सं, सांगा की त्यांना," म्हणायची, पर गालातल्या गालात खूश असायची.

मग आमच्या बोळात समोरच पिठाची गिरणी आली. ती चालली की घरातबी रेडिओ खरखरायचा, गहिनीची झोप उडाली. त्यानं तेलाचे डबे कापले, ठोकून सपाट केले, आन् चांगुणाच्या खोलीला लहरी आडवायला आतनं सगळीकडं पत्रा मारला, आढ्यालासुदिक. खोलीत रेडिओ नेला की मुका व्हायचा. दारापाशी आणला की परत बोलायचा, म्हंजे दारातनं लहरी आत येत हुत्या. म्हणून त्यानं दाराला पत्र्याचं कवाड बसवलं.

आन् माझं टाळकं सरकलं! आमच्या गावात घराला कवाड नसतंय. राखणीला शनिदेव बसलाय, कवाड लावायचं म्हंजे त्याच्यावर इस्वास न्हाई म्हणायचं.

"आक्का, ह्याला कडी न्हाई, कुलूप न्हाई. हे चोरासाठी न्हाईच," गहिनी काकुळतीला आला.

"देवाला काय कळतंय कशासाठी हाय ते? आदीच घरावर साडेसाती, त्यात आनी भर घालतोस व्हय?" मी त्या दिवशी अन्नाला शिवले न्हाई. दुसऱ्या दिवशीबी न्हाई. तिसऱ्या दिवशी चांगुणाच म्हणाली, "काढा वो ते. वन्सं उपाशी मरतील." गहिनीनं कवाड काढलं आन् पडदा लावला. देवाला सारं कळतं म्हणणारी मी, एवढं मातर त्याला कळायचं न्हाई असं माझं मीच ठरवलं.

पंधरा दिवस गेले असतील. गिरणीचा दांडा तुटला, मालकानं सोनईचा वेल्डिंगवाला आणला. गहिनी सामानाला नगरला गेल्ता. मी ओसरीवर शेंगा फोडत हुते, चांगुणा सुपात भाजी निवडत हुती. बोळात निळा उजेड चमकला तशी मी घाबरले. म्हणलं, "चांगुणा, ऊठ, खोलीत जाऊन बस. तिथं पत्रा हाय, काय हुत न्हाई." ती बिचारी सूप घेऊन लगीच उठली. उठून वेल्डिंगवाल्याला थांबवायचं सोडून मी शेंगा फोडत बसले. आन् त्या खोलीचं उघडं दार नेमकं गिरणीच्या तोंडावर.

शेंगा संपल्या. हाक मारत खोलीपाशी गेले. पडदा सारला तर भिंतीला टेकून बसलेली, मान कलंडलेली. भाजीचं सूप मांडीवर तसंच.

डॉक्टर म्हणाले, वेल्डिंगनंच झालं असं नक्की सांगता येत न्हाई. मला येतंय.

गहिनीनं तिला अग्नी दिला. दहावं झालं, तेरावं झालं. शेवटी मीच त्याच्यापुढं डोकं आपटलं. "गहिनी, शिव्या घाल मला. हाकलून दे. मी मारली रं तिला!"

त्यानं मला उठवून भिंतीशी बसवलं. त्याचं तोंड निम्मं झालं हुतं.

"आक्का," म्हणाला, "सकाळपासून काय खाल्लंस का?"