नाडीची वही

आजवर कुणालाही सांगितलं नाही, ते आता लिहितो. बायकोच्या नाडीच्या वहीतले पहिल्या वर्षाचे बहुतेक आकडे मी मनानंच टाकलेले आहेत.

तिचं थायरॉईडचं दुखणं सांगलीतल्या औषधांनी दीड वर्षात बरं झालं. मी पेढे घेऊन गेलो, तर डॉक्टर म्हणाले, "ग्रंथी ताळ्यावर आली, पण एवढ्या काळात हृदयानं मार खाल्लाय. ठोक्यांसाठीची गोळी चालूच ठेवा. रोज सकाळी नाडी मोजा. पूर्ण एक मिनिट. मध्ये ठोका चुकला तर तसं लिहा."

मी कुंडलजवळच्या एका गावात दूध डेअरीवर लिहायला बसतो. सकाळी रांग लागते. एखाद्याच्या दुधाचं फॅट बघायचं राहिलं की कालच्याच्या आसपास आकडा टाकायचा, ही तिथली सवय. तीच मी घरी आणली. आधी पंधरा सेकंद मोजून चौपट करायचो. पुढं पुढं नुसतं मनगट धरायचो. अठ्ठ्याहत्तर, शहात्तर, अठ्ठ्याहत्तर.

एकदा ती म्हणाली, "आवं, आज लय धडधडतंय. नीट बघा की."

माझा एक पाय चपलेत होता. "अठ्ठ्याहत्तर. जा, चहा टाक."

"मग माझंच मन खुळं म्हणायचं," ती हसली.

पुढच्या खेपेला ईसीजीही नेमका चांगला आला. डॉक्टरांनी वही चाळली, "छान ठेवलीय" म्हणाले आणि ठोक्यांवरची गोळी बंद केली. चार महिन्यांनी ती दारातल्या पायरीवर बसली, ती उठेचना. दम पुरत नव्हता, पाय सुजलेले. हृदय थकलंय, आता पहिल्यासारखं होणार नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं.

"वहीत तर काहीच दिसत नाही," ते म्हणाले. मी वही मिटून पिशवीत टाकली.

परवा कोरेगावहून मेहुणी आली. "दाजी, तुमी लय करताय तिचं. आमच्या मालकास्नी मी कुठली गोळी खाते त्येबी म्हाईत न्हाई."

बायको उशांना टेकून म्हणाली, "ह्यांनी एक दिस चुकवला न्हाई. वही बघ की." आणि तिनंच ती उघडून दाखवली.

आता रोज पूर्ण मिनिट मोजतो. दोन ठोके, मग काहीच नाही, मग तीन घाईघाईनं. तसंच लिहितो. लिहून आता काही उपयोग नाही.

ते आकडे खोटे होते, हे तिला सांगणं माझ्याकडून अजून बाकी आहे.