घुशीचं पाप

मारेगाव तालुक्यात घुशीची आस्थेनं विचारपूस करणारा एकच माणूस आहे, आणि माझं नशीब असं, की मी त्याच्याच घरात भाड्यानं राहतो. आमचे घरमालक म्हणजे गुरांच्या दवाखान्यातून निवृत्त झालेले व्रणोपचारक. जन्मभर बैलांच्या जखमा धुतल्या, त्यातले किडे चिमट्यानं वेचले. निवृत्तीनंतर बैल सुटले, किडे काही सुटले नाहीत. मी सरकारी दवाखान्यात लॅब टेक्निशियन आहे एवढं ऐकून, बाकी काही न विचारता त्यांनी मला खोली दिली. मला तेव्हा तो त्यांचा चांगुलपणा वाटला होता.

दिवसभर लोकांची थुंकी आणि लघवी तपासून मी संध्याकाळी घरी यावं, बूट काढावेत, तर दारात हे घरमालक काका लोणच्याची बरणी घेऊन उभे. बरणीत कधी उंदराच्या मानेतून काढलेल्या अळ्या, कधी कुत्र्यानं फाडलेल्या घुशीच्या. "भाऊ, जरा भिंगाखाली पाहून द्या. ह्या जित्या घुशीच्या जखमेतल्या हायेत, मेलीच्या नाही." मी जेवायचा असतो हे त्यांच्या गावीही नसायचं. एकदा हिनं मुरंबा समजून ती बरणी फ्रिजमध्ये ठेवली. कळल्यावर ही आठ दिवस वणीला माहेरी जाऊन राहिली आणि काका मात्र थंडीनं अळ्या मेल्या म्हणून माझ्यावरच रुसले.

त्यांच्या या वेडाला कारण होतं, ते मला कबूल करावंच लागेल. आमच्याकडे 'किडे पडतील' ही नुसती शिवी नाही, शाप आहे. जखमेत अळ्या दिसल्या की लोक माणसाचं पाप शोधायला लागतात. म्हणून माणूस जखम फडक्याखाली दडवतो आणि पाय काळा पडल्यावर दवाखान्यात येतो. काका बाजाराच्या दिवशी बरणी घेऊन एसटी स्टँडसमोर उभे राहायचे. "सांगा, ह्या घुशीनं कायचं पाप केलं? कोणाले लुबाडलं? जखम उघडी होती, माशी बसली, अंडे घातले, झालं!" मग त्याच अळ्या मातीत ठेवून आठ-दहा दिवसांनी निघालेली हिरवी माशी ते त्याच लोकांना दाखवायचे. चहावाल्यानं एकदा वैतागून विचारलं, "म्हंजे घुशीचे किडे आमाले लागते का?" काका म्हणाले, "घुशीपासून नाही रे बाबा, माशीपासून. तिले काय, घूस अन् तू सारखेच." त्यानंतर चहावाल्यानं आम्हा दोघांनाही उधारीवर तर सोडाच, रोखीनंही चहा दिला नाही.

गेल्या श्रावणात बरण्या अचानक बंद झाल्या. मला आधी बरंच वाटलं. चार दिवस सुखानं जेवलो. पाचव्या दिवशी काकांच्या ओसरीतून वास आला. ते पायावर चादर ओढून बसले होते. ती मी बळंच काढली, तर डाव्या पायाच्या बोटांच्या बेचक्यातली जखम वळवळत होती. काकांना जुनी शुगर, पायाला काही कळायचंच नाही. माझं डोकं फिरलं. "अख्ख्या तालुक्याला शिकवता आणि स्वतःच लपवता? घुशीला पाप नाही, मग तुम्हाला आहे का?"

"मले कायचं पाप," काका हळूच म्हणाले. "नेरले माह्या बहिणीची, अक्काची, गाय विताना अडली होती. तिनं निरोप धाडला, मी गुराईच्या कॅम्पात होतो, गेलो नाही. गाय मेली. अक्का रागात बोलून गेली, जे पाय माह्या दारी आले नाही, त्या पायाले किडे पडतीन. मंग दुसऱ्या वर्षी थेच राखी घेऊन आली, तवापासून एक साल चुकली नाही. आता परवा राखीले थे येनार हाये. तिले कळलं, तं म्हणन माह्याच तोंडानं झालं. जगन का थे?"

एवढा शहाणा माणूस बहिणीपायी पाय गमवायला निघाला होता. मी त्यांना रिक्षात कोंबलं. आमच्या दवाखान्यात अळ्या काढायला टर्पेंटाईन, चिमटा सगळं झालं, मग यवतमाळला पाठवलं. तिथे दोन बोटं काढावी लागली, पाय वाचला.

अक्का नेरहून थेट यवतमाळच्या वॉर्डात आली. सत्तरी ओलांडलेली, वाळलेली बाई, पिशवीत राखी आणि पेढे. काकांशी ठरल्याप्रमाणे मी सांगितलं, बोटं मोटारसायकलच्या चाकात आली. तिनं पट्टीकडे बराच वेळ पाहिलं आणि मला बाहेर व्हरांड्यात नेलं.

"तुमी तपासणीवाले ना, बाबू? खरं सांगा. किडे तं नव्हते?"

मी आधीच दमलेला होतो, आणि खोटं बोलायलाही अंगात जोर लागतो. त्यात भिंगाखाली जे दिसलं तेच लिहायचं, यावरच माझी आजवरची नोकरी. पण ती म्हातारी माझा हात सोडेना.

"नव्हते, अक्का. साधी जखम होती."

ती बाकावर बसली आणि पदर तोंडाला लावून पोटभर रडली. मग आत जाऊन तिनं राखी बांधली, पेढा भरवला आणि वर दरडावलं, "चाकात पाय घालते का कोणी? जाऊ दे, दोन गेले, आठ हायेत अजून." ती वाकून चादर सारखी करू लागली, तेव्हा तिच्या पाठीवरून काकांनी माझ्याकडे पाहिलं. साऱ्या तालुक्याला खरं ऐकवल्याशिवाय न सोडणाऱ्या त्या माणसानं एका खोट्यासाठी माझ्यापुढे हात जोडले. मला ते पाहवेना. चहा आणतो म्हणून मी खाली निघून गेलो.