आधी खोड सांगणारे लवूकाका
लवू तांडेल बोलायच्या आधी डोळे मिटून घ्यायचे. मालवणच्या बाजारात माझं इंटरनेट कॅफे होतं; दुपारी गिऱ्हाईक नसलं की ते चपला बाहेर काढून आत येत, कोपऱ्यातल्या खुर्चीत बसत आणि डोळे मिटत. बाहेर ऊन पेंगत असायचं. पंख्याचा आवाज ऐकत मी ताटकळायची आणि मनातल्या मनात चिडायची. मग कधीतरी ओहोटीचं पाणी वळावं तसं हळूच पहिलं वाक्य यायचं, "लिव गो अक्षया. ह्या बॅटरीची खोड अशी आसा."

लवूकाका होडीचे मालक, पण जीव सगळा यंत्रांत. बॅटरी, रेडिओ, मोबाईल, जे हाती लागेल ते समुद्रावर न्यायचं, खाऱ्या वाऱ्यात महिनोन्महिने वापरायचं आणि मग मला सांगायचं. मी ते शुद्ध मराठीत टाईप करून एका मराठी संकेतस्थळावर टाकायची. २००७ साली तिथं यंत्रांवर लिहिणारे पुष्कळ होते, बहुतेक जण खोक्यावरचीच माहिती उतरवून काढायचे. लवूकाकांची परीक्षणं मात्र रत्नागिरीपासून कारवारपर्यंतचे दर्यावर्दी वाचायचे, कारण ती खोडीपासून सुरू व्हायची.

ही रीत त्यांनी बायकोकडून उचलली होती. सुगंधाकाकू मासळी बाजारात बसायची. गिऱ्हाईक टोपलीशी वाकलं की त्यानं विचारायच्या आधीच ती माशाचा कान, म्हणजे कल्ला, उघडून तो ताजा की शिळा ते दाखवायची. लाल असेल तर लाल, फिका असेल तर फिका. "उद्या तेंकाच माझ्याकडे येवचा आसा," एवढंच ती म्हणायची.

२००८ च्या नारळी पौर्णिमेच्या आठवड्यात एका कंपनीनं लवूकाकांना जीपीएसचा संच पाठवला. हातात मावणारा, होडी कुठे आहे ते पडद्यावर दाखवणारा. सोबत गोड शब्दांची चिठ्ठी होती: आमची भेट स्वीकारावी, आवडल्यास दोन शब्द लिहावेत. काका आठवडाभर हवेतच होते. पौर्णिमेला समुद्राला नारळ दिला तेव्हा होडीच्या पुढच्या टोकाला, नाळेला, इंजिनाला आणि जाळ्याला हळदकुंकू लागलं, तसंच त्या संचालाही लागलं.

इथंच घोटाळा झाला. आमच्याकडे होडीवरच्या ज्या वस्तूला कुंकू लागलं, तिला नावं ठेवायची नाहीत. इंजिन बंद पडलं तरी त्याला शिवी द्यायची नाही, दर्या ऐकतो म्हणतात. पहाटे दव पडलं की तो संच मध्येच गोठायचा. होडी खडकाजवळ आली तरी पडद्यावर ती जेटीलाच बांधलेली दिसायची. दोनचार थापट्या मारल्या की पुन्हा चालू. काकांनी हे पाहिलं होतं आणि त्यावर अवाक्षर काढलं नव्हतं.

दिवाळीनंतर त्यांनी परीक्षण सांगितलं. खोड नव्हतीच. भेट मिळाली हेही नव्हतं, ते म्हणाले, "दिलल्याचो बोभाटो कित्याक करूचो?" मला ते खटकलं, पण काकांचा चेहरा असा काही फुलला होता की मी मुकाट्यानं टाईप केलं. सुगंधाकाकू मला न्यायला आली होती, आम्हाला मिळून देवळात जायचं होतं. तिला वाचता येत नाही. तिनं फक्त विचारलं, "खोड काय सांगलंस?"

"नाय आसा," काका म्हणाले.

"मगे कान उघडूकच नाय तुया," काकू म्हणाली आणि पायऱ्या उतरली.

शिरोड्याच्या परशुराम नावाच्या होडीवाल्यानं ते परीक्षण वाचून तोच संच विकत घेतला. माघ महिना होता. आंबा मोहरलेला आणि पहाटेचं धुकं एवढं दाट की किनारा, माड, पाणी सगळं एकाच राखाडी स्वप्नात विरघळून जायचं. अशा एका पहाटे परशुराम एकटाच बाहेर पडला आणि सूर्य वर आला तरी परतला नाही. पडदा त्याला सांगत होता की तू गावच्या पाण्यात आहेस. तो त्यावर विश्वास ठेवून होडी हाकत राहिला आणि दूर गेला. शेवटी त्यानं इंजिन बंद केलं. सगळीकडे पांढरं आणि निवांत. जमिनीकडून येणारा मतलई वारा अजून होता, आणि त्या वाऱ्यावर मोहराचा वास होता. त्या वासाकडे तोंड करून तो हळूहळू येत राहिला. वारा पडायच्या आत त्याला माडांचे शेंडे दिसले.

त्यानं कॅफेत फोन करून हे सांगितलं, तक्रार म्हणून नाही, माहिती म्हणून. मी काकांना सांगितलं. त्यांचा चेहरा उतरला. दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं ते शिरोड्याला गेले. मला सोबत नेलं, कारण एकट्याला धीर नव्हता.

परशुराम जाळं विणत होता. त्यानं हसून बसायला सांगितलं. "आता दुसरो खयचो घेव, लवूदादा? तूच सांग," तो म्हणाला. तेवढ्यात त्याची बायको चंद्रावती चहा घेऊन आली.

"त्या दिसा शेजारचे होडये घेवन बघूक जातंव म्हणत होते," ती अगदी साधेपणानं म्हणाली. "मीच नको सांगलंय. म्हटला, लवूदादान लिवलां हा, ता यंत्र चुकाचा नाय. मी भात रांधून वाट बघीत रवलंय."

काकांनी कप खाली ठेवला. मला भरून आलं, आणि रागही आला, त्यांचा आणि त्या गोड चिठ्ठीचा. परतीला आम्ही एसटी पकडली. खिडकीतून खाडी मागे मागे जात राहिली.

मालवणात उतरल्यावर ते होडीवर गेले, संच घेऊन आले आणि माझ्या टेबलावर ठेवला. वाळलेलं कुंकू अजून त्याच्या कडेला होतं. मग हात जोडून त्यांनी चक्क देवाला गाऱ्हाणं घातलं. "बा देवा म्हाराजा, ह्येका होडयेवरसून खाली उतरवलंय. आता ह्येची खोड सांगतंय. दोष लागलो तर माका लागांदे, बाकीच्यांची होडी राखून ठेव."

गाऱ्हाण्याला होकार द्यायला दुसरं कोणी नव्हतं. मीच म्हटलं, "व्हय म्हाराजा."

त्या दिवशी त्यांनी डोळे मिटले नाहीत. पडद्याकडे बघत सांगत गेले, आणि मी लिहीत गेले: हा संच मला फुकट मिळाला. दव पडलं की तो गोठतो. हे मला ठाऊक होतं आणि मी लपवलं. माझ्या शब्दावर एका घरानं माणसाला शोधायला होडी पाठवली नाही.

कंपनीचा फोन आला, मजकूर काढा म्हणून. मी त्यांना संचच परत पाठवला, कुंकवासकट. संकेतस्थळावर काही जणांनी काकांना विकाऊ म्हटलं. ते त्यांनी मला मोठ्यानं वाचायला लावलं आणि ऐकून घेतलं.

पण त्याआधी, लिहून झाल्या झाल्या, त्यांनी एक काम सांगितलं होतं. "शिरोड्याक फोन लाव. चंद्रावतीक वाचून दाखव." मी वाचलं. पलीकडून समुद्राचा आवाज येत होता. काका खुर्चीच्या टोकाला येऊन बसले होते.

"लवूदादाक सांग," चंद्रावती म्हणाली, "बरा केल्यान. आता होडी परतली नाय तर माका वेळेर भिया वाटतला."