अक्षर कोणाचं

आमच्या रावपुऱ्यातल्या गल्लीत एक डॉक्टर राहत. रोज सकाळी विश्वामित्री नदीच्या काठी जायचं, गवतं आणि गोगलगायी गोळा करायच्या, गवतं रद्दी कागदांत दाबून ठेवायची आणि मगच दवाखाना उघडायचा, हा त्यांचा नेम. रोग्याची नाडी पाहताना ते विचारत, "काले शुं जम्या?" काल काय जेवलात, याचं उत्तर ते गवताच्या नावांइतक्याच काळजीने वहीत टिपून ठेवत.

दुष्काळाच्या वर्षी बहुतेकांचं उत्तर एकच येऊ लागलं. डॉक्टरांनी वही मिटली. मला म्हणाले, "धान्य आगगाडीने बंदरावर जातंय आणि मी उपाशी माणसाला औषध पाजतोय. आता नुसतं हेच करणं मला जमायचं नाही."

मग ते इंग्रज सरकारविरुद्ध पत्रकं वाटू लागले. त्या पत्रकांच्या नकला मी करत असे. दरबारी कारकुनाचं अक्षर माझं.

एका दुपारी डॉक्टरांच्या घरी झडती आली. शेजारी म्हणून पोलिसांनी मलाच पंच केलं. वाळल्या गवताच्या कागदांत पत्रकं सापडली.

"अक्षर कोणाचं?" अंमलदाराने विचारलं.



"माझं," डॉक्टर म्हणाले. "घर माझं, गवत माझं, मग अक्षर आणखी कोणाचं असणार?"

माझ्याकडे त्यांनी पाहिलंही नाही. बाहेर बसलेल्या म्हातारीच्या पायाची पट्टी बदलायला तेवढी सवड मागून घेतली आणि पोलिसांबरोबर निघाले.

पंचनाम्यावर मी सही केली, मुद्दाम वेड्यावाकड्या अक्षरात.