विमानाचं घर रोह्याला

मी पेणच्या शाळेत विज्ञान शिकवतो आणि सुट्टीच्या दिवशी रिमोटवरचं थर्माकोलचं विमान उडवतो. गेल्या हिवाळ्यात त्याच्या नाकावर कॅमेरा बसवला. वरून त्याला जे दिसतं ते माझ्या हातातल्या छोट्या पडद्यावर येतं आणि त्यावर उंची, वेग, बॅटरी असे आकडे उमटतात. कुठला आकडा कुठे हवा, हे आधी लॅपटॉपवर ठरवावं लागतं. जेवणाच्या टेबलावर बसून मी दिसेल त्यावर खूण करत सुटलो. तापमान, अक्षांश, रेखांश, शिवाय माझं नाव.

बायकोनं आमटीचं पातेलं ठेवता ठेवता डोकावून पाहिलं. "हे विमान आहे की बातम्यांचं चॅनेल?"

पहिली चाचणी रोह्याला, सासुरवाडीमागच्या मैदानात झाली. विमान झकास उडालं. त्या आनंदात मी 'घराची जागा कायम ठेवा' हा पर्याय निवडला; घर म्हणजे विमान जिथून उडालं ती जागा. घर काय रोज बदलतं?

पुढच्या रविवारी पेणजवळच्या गडब गावाबाहेर, भात कापून मोकळ्या झालेल्या शेतात आम्ही दोघं गेलो. विमान वर गेलं आणि पडद्यावर आकड्यांखाली जमीनच दिसेना.

"घाबरू नकोस," मी बायकोला म्हणालो. ती मुळीच घाबरली नव्हती. "हे बटण दाबलं की ते आपोआप घरी येतं."

दाबलं. विमानानं ऐटीत वळण घेतलं आणि आमच्याकडे पाठ करून निघालं.

"अहो, पडद्यावरचा तो बाण काय दाखवतोय?"

"घर."

"घर तिकडं कुठं? तिकडं तर रोहा!" मग तिचा चेहरा एकदम उजळला. तिनं तिथूनच फोन लावला. "आई, विमान येतंय गं तुझ्याकडे. जावई मागाहून येतील."

मी घाईघाईनं ताबा परत घेतला, तसं विमान गडबडलं आणि बांधापलीकडे कोसळलं. धावत गेलो तर वालाच्या शेतात एक म्हातारी, कोंबडी धरावी तसं विमान काखेत धरून उभी.

"इमान तुमचाच हाय काय गो?" तिनं बायकोला विचारलं.

"ह्यांचं आहे," बायकोनं लगेच सांगून टाकलं.

"माझा वाल झोपवला ना!"

मी माफी मागत होतो, पण तिचं लक्ष माझ्या हातातल्या पडद्याकडे गेलं होतं. कॅमेरा अजून चालूच होता. तिनं विमान तोंडासमोर धरलं.

"मी हाय काय ही? अक्षरा काढा ती. तोंड दिसत नाय."

बांधावर बसून मी पाठीवरच्या पिशवीतला लॅपटॉप उघडला. दोघी शेजारी बसून हुकूम सोडत होत्या आणि मी एकेक आकडा काढत होतो. शेवटी उंची आणि बॅटरी तेवढी कोपऱ्यात उरली. घराची जागाही दरवेळी नवी घ्यायची, असं करून टाकलं. म्हातारीनं पदर सारखा केला, पडद्यात पुन्हा पाहिलं आणि खूश झाली.

"आता उडवा," ती म्हणाली. "पन पाडायचा झाला तर तिकडं पाडा. तो माझ्या जावेचा वाल हाय."