असल्फ्याच्या चढावर ऐकू न आलेलं इंजिन

आज सकाळी शेजारच्या नेहाने नवा सायलेन्सर बसवलेली गाडी सोसायटीच्या गेटात गुरगुरवली आणि विचारलं, “काका, पिकअप वाढला ना?” मला एक जुनी गोष्ट आठवली. ग्रुपवर बरेच गाडीवाले आहात, म्हणून लिहितोय.

सत्तरच्या दशकात मी साकीनाक्याला मेकॅनिक होतो. कानाने इंजिनाचं दुखणं ओळखतो, अशी माझी घमेंड होती. दोस्त वसंताच्या टॅक्सीचा सायलेन्सर काढून मीच सरळ पाइप जोडला. पाइप बदलला की कार्बोरेटरमधलं पेट्रोल-हवेचं प्रमाणही बदलावं लागतं. मी ते तसंच ठेवलं. आवाज झकास येत होता, म्हणजे ताकद वाढली असं आम्ही धरून चाललो.

आठवड्याभरात वसंताच्या बायकोला, कुसुमवहिनींना, कळा सुरू झाल्या. वसंता चालवत होता, मी शेजारी. घाटकोपरच्या हॉस्पिटलकडे जाताना असल्फ्याच्या चढावर गाडी नुसती गरजत होती, ओढत नव्हती. तापलेलं इंजिन आतून ठोकत असणार. त्या पाइपच्या आवाजात मला ते ऐकू आलं नाही. मागे वहिनी कण्हत होत्या, तेही नाही. अर्ध्या चढावर गाडी बंद पडली, तेव्हा कुठे त्यांचा आवाज कानावर आला.

एका टेम्पोवाल्याने वहिनींना हॉस्पिटलात पोचवलं. बाळ-बाळंतीण वाचली. इंजिन उघडलं तर पेट्रोल कमी पडून व्हॉल्व्ह जळालेला. वसंता एवढंच म्हणाला, “तू तर कानाने ओळखायचास ना रे?”

नेहाला मी उलट विचारलं, “चढावर इंजिन कण्हायला लागलं, तर तुला ऐकू येईल?”

तिने गाडी बंद केली. तुम्हाला येईल?