खिळेकाकांचं न हलणारं पान

खिळेकाकांना सैल काही सोसत नसे. दाराची कडी, सदऱ्याचं बटण, बोलणाऱ्याची जीभ, सगळं कसं आवळलेलं हवं. छापखान्यात अर्धं आयुष्य शिशाचे खिळे, म्हणजे छपाईची सुटी अक्षरं, जुळवण्यात गेलं, त्याचा हा परिणाम. ओळी जुळल्या की त्या लोखंडी चौकटीत घालायच्या, चहूबाजूंनी लाकडी पाचरी ठोकायच्या आणि मग चौकट जराशी उचलून हलवून बघायची. एखादा खिळा डुगडुगला तर दिवसभराचं काम फरशीवर. काकांच्या चौकटीतून खिळा कधी पडला नाही. छापखानाच बंद पडला.

चुलतभावाने गोदामाच्या फाटकाशी नोकरी देऊ केली होती. "दादा, तुला काही करायचं नाही. फक्त खुर्चीवर बसायचं." इतक्या प्रेमाने काकांचा अपमान पूर्वी कुणी केला नव्हता.

म्हणून ते ऑनलाइन वेबसाइट बनवायला शिकले. शिकवणारी मुलगी पडद्यावर सारखी हसायची. तेवढं त्यांनी चालवून घेतलं. अक्षरांची वळणं, दोन ओळींतली हवा, समासाची रुंदी हे धडे त्यांनी घटाघटा पिऊन टाकले. मग एका धड्यात ती म्हणाली, "पान आपण फक्त सुचवायचं. ताबा वाचणाऱ्याचा. अक्षर किती मोठं हवं ते त्याचं तो ठरवेल." काकांनी तिला तिथेच थांबवलं. ते उठून पाणी प्यायले आणि परत येऊन त्यांनी थेट पुढचा धडा लावला. पान सुचवायचं? त्यांनी उभ्या जन्मात कुणाला पान सुचवलं नव्हतं. ते छापून हातात देत.

गावातल्या वाचनालयाला वेबसाइट हवी होती. पसंत पडली तर ती सांभाळायची कायमची नोकरी. नाही पडली तर सोमवारपासून फाटकाची खुर्ची. काकांनी पान रचलं ते छापखान्याच्या रीतीने. अक्षराचा आकार कायम केला, ओळ कुठे मोडायची ते ठरवून टाकलं, प्रत्येक मजकुराला मापाचा चौकोन दिला. दोन बोटांनी पान ताणून मोठं करायची सोय असते, तीही बंद केली. पाहुण्याने येऊन भिंती सरकवल्यासारखं ते वाटायचं. शेवटी पडद्यावरच्या खिडकीचा कोपरा धरून हलवून पाहिलं. काही हललं नाही. त्या दिवशी ते दोन घास जास्त जेवले.

वाचनालयात पान दाखवायच्या बैठकीच्या सकाळी त्यांनी ते थोरल्या बहिणीला, अक्काला, दाखवलं. अक्काच्या नजरेत मधोमध धूसर डाग होता. फोनवरची बातमी ती लिंबाएवढं अक्षर करून वाचायची. तिने पानावर दोन बोटं ठेवून ताणली. पुन्हा ताणली.

"हे हलत का नाही रे?"

"हलू नये म्हणूनच केलंय."

"मग मी वाचू कशी?"

"चष्मा लाव."

"चष्म्याने डाग मोठा दिसतो, अक्षर नाही." तिने फोन पिशवीत टाकला. "चल, मीपण येते. कधीकाळी सभासद होते मी तिथली. तिथला सूचनाफलक दिसेनासा झाला तेव्हा जाणं सोडलं."

वाटेत काकांनी लॅपटॉपची पिशवी घट्ट काखेत धरली होती. पाचरी काढायला वेळ नव्हता असं नव्हे. पण सैल झालेलं पान लोकांसमोर न्यायचं म्हणजे बटणं उघडी टाकून लग्नाला जाण्यासारखं होतं.

वाचनालयाच्या वरच्या खोलीत अध्यक्ष आणि ग्रंथपालबाई बसले होते. काकांनी लॅपटॉप जोडला आणि पान भिंतीवर उमटलं. 'सार्वजनिक वाचनालय' एका ओळीत, दोन्ही कडा दोरी धरल्यासारख्या.

"वा," अध्यक्ष म्हणाले. "आमंत्रणपत्रिकेसारखं दिसतंय."

काकांचे खांदे जरा खाली आले. तेवढ्यात ग्रंथपालबाई मागच्या बाकावर बसलेल्या अक्काकडे वळल्या. "अक्का, तुम्ही आमच्या जुन्या सभासद ना? तुमच्या फोनवर उघडून बघा बरं."

अक्काने सावकाश फोन काढला, पान उघडलं, डोळ्यांजवळ नेलं, मग लांब धरलं. मान वाकडी करून डागाच्या बाजूने बघितलं. तिने एकदा भावाकडे पाहिलं.

"छान आहे," ती म्हणाली.

काका पुढचं पान उघडायला वळले.

"दिसतंय ना नीट?" ग्रंथपालबाईंनी विचारलं.

"न दिसायला काय झालं?"

"मग शनिवारी कधी उघडं असतं, तेवढं वाचून दाखवा."

अक्काने पानावर बोट ठेवलं आणि ठसक्यात वाचलं, "शनिवारी सकाळी आठ ते बारा."

अध्यक्ष भिंतीकडे बघू लागले. ग्रंथपालबाईंनीही बघितलं. तिथे स्पष्ट लिहिलं होतं: शनिवारी बंद.

"वय झालं की व्हायचंच," अध्यक्ष समजुतीने म्हणाले. "आपण पुढे जाऊ."

काकांना वाट मोकळी करून मिळाली होती. गप्प बसायचं, एवढंच काम. अक्का फोन उलटा धरून मांडीवर ठेवत होती. तिचे कान लाल झाले होते. शाळेत काकांच्या वाट्याच्या छड्या खाल्ल्यावरही ते असेच लाल व्हायचे, आणि तेव्हाही ती म्हणायची, काही लागलं नाही.

"तिला दिसत नाहीये," काका म्हणाले. "मी दिसू दिलं नाहीये. अक्षर मोठं करायची सोय मीच बंद केलीय."

"का?" ग्रंथपालबाईंनी विचारलं.

यावर त्यांच्याकडे उत्तर होतं, पण ते छापखान्यातलं होतं. ते लॅपटॉपवर वाकले. आधी बोटांची सोय परत दिली. मग एकेका चौकोनाचं माप पुसलं. प्रत्येक ओळ पुसताना त्यांना फरशीवर शिसं सांडल्याचा आवाज येत होता.

"अक्का, पान बंद करून पुन्हा उघड."

तिने उघडलं, बोटं ताणली. अक्षर वाढलं, आणखी वाढलं, लिंबाएवढं झालं.

"शनिवारी बंद," तिने वाचलं. "कधीपासून?"

"झाली की चार वर्षं," ग्रंथपालबाई म्हणाल्या.

अध्यक्षांनीही आपला फोन काढला. त्यांच्याही फोनवर अक्षर बरंच मोठं ठेवलेलं होतं, हे आता सगळ्यांना कळलं. "पण हे बघा, मोठ्या अक्षरात नाव दोन ओळींत तुटतंय. मघाशी किती देखणं होतं."

"मघाशी तुम्ही भिंतीवर बघत होतात," ग्रंथपालबाई म्हणाल्या. "भिंत कुणी खिशात घालून हिंडत नाही. काका, मापं बांधून ठेवलेलं अजून कुठे काही आहे?"

"सगळीकडे," काका म्हणाले.

"मग सोमवारी सकाळी या. आधी ते सोडवा. नंतर नवीन पुस्तकांचं पान."

चुलतभावाच्या खुर्चीवर दुसरा कुणीतरी बसणार होता. हे उमगायला काकांना जिना उतरेपर्यंत वेळ लागला. खाली दाराशी अक्का थांबली होती. फोनवर तेच पान होतं, आणि तिने नाव ताणत ताणत एवढं वाढवलं होतं की पडद्यावर नुसता एक 'वा' उरला होता, तोही कडेला कापलेला.

काकांचा हात आपोआप पुढे झाला. त्यांनी तो मागे घेऊन खिशात कोंबला.

"अजून मोठं होतं का बघते," अक्का म्हणाली.